पावकी, दिडकी आणि औटकी

जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिली-दुसरीच्या वर्गांतून आजही पाढ्यांचा गजर ऐकू येतो. दहापर्यंत, पुढच्या वर्गांत वीस-तीसपर्यंत पाढे झाले की तो थांबतो. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी पोराची खरी कसोटी त्यापुढे लागायची.

पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या पडवीत भरे. सुरुवात धूळपाटीवर. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, चुकलं की हातानं धूळ सारखी करून पुन्हा काढायचं. हात वळला की बोरू आणि कित्ता. छापील पुस्तक जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे सगळी मदार पाठांतरावर, आणि घरी दिवेलागणीला परवचा.

या पाठांतराचा मुकुटमणी म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. सात औट साडेचोवीस, हे सात-आठ वर्षांचं पोर न अडखळता म्हणे. ही हौस नव्हती. रुपयाचे आणे 16, आण्याचे पैसे 4, मणाचे शेर 40, शेराखाली अच्छेर, पावशेर, नवटाक. अशा बाजारात कागद घेऊन बसायला वेळ कुणाला? सव्वा आणा शेर भावानं बारा शेर धान्य घेतलं, तर बारा सव्वा पंधरा, म्हणजे रुपयाला एक आणा कमी. सवायकी पाठ असलेल्याला हिशेब मांडावा लागत नसे, तो तोंडातूनच येई.

गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, 1820च्या दशकात, मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या शाळा आणि मराठी क्रमिक पुस्तकं आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत तयार केली. धूळपाटी हळूहळू गेली, दगडी पाटी आली. अपूर्णांकांचे पाढे मात्र नव्या शाळेतही टिकले, कारण बाजार बदललेला नव्हता.

या जुन्या शाळेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ओवरीतलं ते ज्ञान फार थोड्यांच्या वाट्याला आलं. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं जवळजवळ बाहेरच राहिली, आणि कुणब्याच्या पोराला शेतीच्या कामातून सवड कुठली? कुलकर्ण्याचं दप्तर मोडी लिपीत, सावकाराचं खातं मोडीत. ज्याला ते वाचता येत नाही त्यानं मुकाट्यानं अंगठा उठवायचा. म्हणूनच महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनातली मागणी मोलाची वाटते. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध (देवनागरी) दोन्ही लिहा-वाचायला शिकवा, हिशेब शिकवा. इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख करून द्या, आणि त्याच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे द्या, असं त्यांनी मांडलं. खेड्यातल्या मुलाला रोज काय लागतं याचा इतका नेमका विचार तोवर फार कमी जणांनी केला होता.

औटकीला हरवलं ते नाण्यानं. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले. आणे आणि शेर गेले, तशी त्यांच्या पाढ्यांची निकडही गेली. मोडीही त्याच सुमारास शाळेतून उठली.

पहिली-दुसरीत काय आणि कसं शिकवावं यावर महाराष्ट्र अजूनही हिरिरीनं भांडतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘त्र्याण्णव’च्या जोडीला ‘नव्वद तीन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांत अडखळणाऱ्या लहानग्यांची बाजू शांतपणे मांडली, आणि ती ऐकण्याजोगी होती.

अपूर्णांक आता मुलं आकृत्यांचे भाग रंगवून शिकतात. समज त्यानं नक्की पक्की होते. पण दीड किलोला किती आणि अडीच किलोला किती, हे भाजीवाली अजून तोंडीच सांगते, आणि गिऱ्हाईक मोबाइल काढतं.