राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद

इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या काठी, विंडसर आणि स्टेन्स या गावांच्या दरम्यान रनीमीड नावाचे कुरण आहे. १५ जून १२१५ रोजी याच कुरणात राजा जॉन याने आपल्याविरुद्ध शस्त्र उपसलेल्या सरदारांच्या मागण्या मान्य केल्या. या मागण्यांची लॅटिन भाषेत लिहिलेली सनद पुढे ‘मॅग्ना कार्टा’, म्हणजेच महासनद, या नावाने जगप्रसिद्ध झाली. राजाने सनदेवर स्वाक्षरी केली, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात त्या काळच्या प्रथेनुसार तिला राजमुद्रा लावण्यात आली होती. राजाकडून वचन लिहून घेणे सरदारांना साधले. परंतु ते वचन पाळले जाईल याची हमी कोण देणार, हा प्रश्न पुढे दीर्घकाळ इंग्लंडच्या राजकारणात धुमसत राहिला.

असंतोषाची मुळे

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राज्यातील जमिनीचा अंतिम स्वामी राजा मानला जाई. सरदारांना त्याच्याकडून जहागिरी मिळत आणि त्या बदल्यात युद्धप्रसंगी ठरावीक संख्येने घोडेस्वार योद्धे, म्हणजे नाईट, पुरविणे त्यांच्यावर बंधनकारक असे. हे योद्धे पुरवायचे नसतील, तर ‘स्क्यूटेज’ नावाचा कर भरावा लागे. सरदाराच्या मृत्यूनंतर जहागीर आपल्या नावे करून घेण्यासाठी वारसाला राजाकडे नजराणा भरावा लागे. या नजराण्याची रक्कम बव्हंशी राजाच्या मर्जीवर अवलंबून होती.

११९९ मध्ये गादीवर आलेल्या जॉनने या अधिकारांचा पुरेपूर वापर केला. १२०४ मध्ये नॉर्मंडीचा प्रांत फ्रान्सच्या राजाने जिंकून घेतला आणि तो परत मिळविण्यासाठी जॉनला पैशाची गरज भासू लागली. १२०५ मध्ये निकोलस द स्टटव्हिल या सरदाराकडे वारसाहक्काचा नजराणा म्हणून तब्बल १० हजार मार्क मागण्यात आले. एक मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश भाग. सरदाराला कर्जात बुडवायचे आणि त्या कर्जाच्या धाकाने त्याला ताब्यात ठेवायचे, ही जॉनची रीतच होती. त्यातच कँटरबरीच्या आर्चबिशपच्या नेमणुकीवरून त्याचा पोप तिसरा इनोसंट याच्याशी वाद झाला. अखेर १२१३ मध्ये जॉनने आपले राज्य पोपच्या चरणी अर्पण करून त्याचे मांडलिकत्व पत्करले.

२७ जुलै १२१४ रोजी बूव्हिनच्या लढाईत जॉनच्या मित्रराजांचा पराभव झाला आणि नॉर्मंडी परत मिळण्याची आशा संपली. पैसा गेला, प्रांतही गेला. पुढील वर्षी बंडखोर सरदारांनी राजनिष्ठेची शपथ झुगारली आणि १७ मे १२१५ रोजी लंडन ताब्यात घेतले. राजधानी हातची गेल्यावर वाटाघाटींवाचून राजापुढे पर्याय उरला नाही. आर्चबिशप स्टीफन लँगटन यांनी मध्यस्थी केली.

पंचवीस सरदारांचा पहारा

सनदेत आज ६३ कलमे मोजली जातात. मूळ मजकूर मात्र सलग असून कलमांचे क्रमांक नंतरच्या अभ्यासकांनी दिले. अनेक कलमे अगदी व्यावहारिक आहेत. मोठ्या जहागिरीसाठी वारसाचा नजराणा १०० पौंडांवर निश्चित करण्यात आला. विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करू नये, धान्य व मद्याची मापे राज्यभर एकच असावीत, टेम्स नदीतील मासेमारीचे बांध हटवावेत, असेही त्यात नमूद होते. बाराव्या कलमाने ठरावीक तीन प्रसंग वगळता राज्याच्या सल्ल्याशिवाय स्क्यूटेज किंवा अन्य अर्थसाहाय्य वसूल करण्यास मनाई केली. एकोणचाळिसाव्या कलमाने समकक्षांच्या निवाड्याविना किंवा देशाच्या कायद्याविना कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करणे वा त्याची मालमत्ता हिरावणे निषिद्ध ठरविले.

या सर्वांमागे बळ उभे करण्याचे काम एकसष्टाव्या कलमाकडे होते. सरदारांनी आपल्यातून २५ जण निवडावेत, त्यांपैकी चौघांनी राजाच्या निदर्शनास अन्याय आणून द्यावा आणि ४० दिवसांत दाद न मिळाल्यास पंचवीस जणांनी प्रजेच्या साह्याने राजाचे किल्ले व जमिनी जप्त कराव्यात, अशी ही तरतूद होती. राजा, राणी व त्यांची मुले यांच्या जिवाला तेवढे अभय होते.

हे कलम म्हणजे यादवी युद्धाला दिलेला कायदेशीर परवानाच होता आणि तेच सनदेच्या मुळावर आले. जॉनच्या विनंतीवरून पोपने २४ ऑगस्ट १२१५ रोजी सनद रद्दबातल ठरविली. युद्ध भडकले. सरदारांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, लुईला, इंग्लंडच्या गादीसाठी पाचारण केले. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉनचा मृत्यू झाला, तेव्हा निम्मे राज्य यादवीत सापडले होते.

तिजोरीची किल्ली

गादीवर आलेला तिसरा हेन्री अवघा नऊ वर्षांचा होता. त्याचा पालक विल्यम मार्शल याने बंडखोरांना परत वळविण्यासाठी १२१६ व १२१७ मध्ये सनद नव्याने जारी केली. पंचवीस सरदारांचे कलम त्यातून गळले; करसंमतीचे बारावे कलमही वगळण्यात आले. मात्र १२२५ मध्ये हेन्रीला युद्धखर्चासाठी प्रजेच्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून हवा होता. तो देताना सरदारांनी सनदेची पुन्हा ग्वाही मागून घेतली. आधी ग्वाही, मग पैसा, हा व्यवहार पुढे रूढ झाला. कागदावरून गेलेले करसंमतीचे तत्त्व अशा रीतीने प्रत्यक्ष व्यवहारात परतले.

तलवारीचा मार्ग त्यानंतरही बंद झाला नाही. धाकट्या मुलाला सिसिलीचे राज्य मिळावे म्हणून हेन्रीने पोपला सुमारे १ लाख ३५ हजार मार्क देण्याचे कबूल केले. त्यावर १२५८ मध्ये ऑक्सफर्ड येथे सरदारांनी राजावर १५ जणांचे मंडळ नेमले आणि वर्षातून तीन वेळा पार्लमेंट भरविण्याचे बंधन घातले. हेन्रीने हे बंधन झुगारताच पुन्हा युद्ध पेटले. १२६४ मध्ये सायमन द माँटफर्ट याने लुइस येथे राजाला कैद केले. जानेवारी १२६५ मध्ये त्याने बोलाविलेल्या पार्लमेंटमध्ये परगण्यांतील नाइटांबरोबर शहरांचे प्रतिनिधीही होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईव्हशमच्या लढाईत तो मारला गेला.

१२९७ मध्ये पहिल्या एडवर्डच्या युद्धखर्चाला नॉरफोक व हेरफर्डच्या अर्लांनी विरोध केला. कोंडीत सापडलेल्या राजाने सनदेला दुजोरा देऊन राज्याच्या संमतीविना तशी वसुली न करण्याचे वचन दिले. याच वर्षी सनदेची नोंद कायद्यांच्या अधिकृत दप्तरात झाली. लढाईत मिळविलेले हक्क दुसऱ्या लढाईत जात होते. करासाठी राजाला वारंवार पार्लमेंटपुढे यावे लागल्याने मिळालेले हक्क मात्र टिकले.

मर्यादा आणि वारसा

सनद लोकशाहीचा जाहीरनामा नव्हती. सरदारांनी प्रामुख्याने आपल्या वर्गाचे हित पाहिले. ‘स्वतंत्र माणूस’ या व्याख्येबाहेर जमिनीला बांधलेल्या भूदासांचा मोठा समाज उरत होता. १३५४ च्या कायद्याने हे संरक्षण कोणत्याही दर्जाच्या माणसाला लागू केले, हा त्यातील महत्त्वाचा टप्पा. १६२८ मध्ये पार्लमेंटने पहिल्या चार्ल्सपुढे हक्कांचा अर्ज ठेवला, तेव्हाही आधार याच सनदेचा घेतला गेला.

१२१५ च्या सनदेच्या चार मूळ प्रती आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी दोन ब्रिटिश लायब्ररीत, तर लिंकन व सॉल्झबरी येथील कॅथीड्रलांची प्रत्येकी एक आहे. १२९७ च्या मजकुरातील अवघी काही कलमे इंग्लंडमध्ये अद्याप अमलात असून, कायद्याविना कैदेला मनाई करणारे कलम त्यांत आहे. भारतीय राज्यघटनेतील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ आणि कायद्याच्या आधाराविना कर घेण्यास मनाई करणारा अनुच्छेद २६५ याच परंपरेशी नाते सांगतात. मार्च १९९४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी रनीमीडच्या कुरणात भारताच्या वतीने ओकचे एक रोप लावले.