टिंब आणि पूज्य

लहानपणी सकाळी मकतब आणि दुपारी मराठी शाळा, असे माझे दिवस जायचे. शाळेत दहा म्हणजे एकावर पूज्य. मकतबच्या उर्दू पुस्तकात मात्र पूज्याच्या जागी नुसतं टिंब असायचं. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचायची, पण आकडा शाळेसारखाच: एकक उजवीकडे, दशक त्याच्या डावीकडे. लिपी फिरली, मग आकडा का फिरला नाही?

उत्तर इतिहासात सापडलं. हे आकडे भारतातून गेले ते मांडणीसकट गेले. ५०५ मध्ये पाचाचं चिन्ह एकच, पण एका जागी त्याची किंमत पाचशे, दुसऱ्या जागी पाच. मधलं शून्य काढलं तर पंचावन्न उरतात. साऱ्या हिशेबाचा कणा हाच.

इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्य ही संख्या मानून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. ६६२ मध्ये सीरियाक भाषेत लिहिणारे ख्रिस्ती बिशप सेवेरस सेबोख्त यांनी भारतीयांच्या नऊ अंकांची तारीफ केली. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मींनी या हिंदी गणनपद्धतीवर ग्रंथ लिहिला. मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन रूप उरलं. त्यांच्या नावावरूनच 'अल्गोरिदम' शब्द आला. शून्याला अरबांनी 'सिफ्र' म्हटलं, म्हणजे रिकामं. शब्दाचा अर्थही त्यांनी जपला. दमास्कसला अल-उक्लिदिसींनी दहाव्या शतकात हीच पद्धत एककाच्या पलीकडे, दशांश अपूर्णांकांपर्यंत नेली. पिसाच्या फिबोनाचीने उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात हे अंक शिकून १२०२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. सिफ्रचंच पुढे 'झिरो' झालं.

आमच्यातले काहीजण अभिमानाने सांगतात की शून्य मुसलमानांनी शोधलं. ते खरं नाही. उलट काहीजण म्हणतात, मुसलमानांनी आयतं उचललं आणि आपलं नाव लावलं. तेही खरं नाही. अरबीत या अंकांना आजही 'अरकाम हिंदिया', म्हणजे हिंदी अंक म्हणतात. 'अरबी अंक' हे नाव युरोपने दिलं, कारण त्यांना ते अरबांकडून मिळाले. म्हणजे प्रत्येकाने ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव राखलं.

मकतबचं टिंब आणि शाळेतलं पूज्य मला तेव्हा दोन वेगळ्या घरांतले वाटायचे. ते एकाच घरचे होते. मुलांना एवढं जरी सांगितलं, तरी पुष्कळ भांडणं सुरू होण्याआधीच मिटतील.