न्यूनॅमच्या मुलींची नौका

वाशिमसारख्या गावी, आणि तेही ऐन वसंतात, नौकांच्या शर्यतीचा विषय घेऊन उभे राहावे, याचे काहींना हसू येईल. चैत्र लागला की आमच्या नद्यांच्या पात्रात होडी नव्हे, बैलगाडी उतरते. काटेपूर्णा उगम पावते ती आपल्या जिल्ह्यात, काटा गावाजवळ. पण तिचे पाणी पुढे अकोल्याच्या वाट्याला जाते. आपण पाणी पाहावे ते पद्मतीर्थाचे किंवा एकबुर्जीच्या तलावाचे. अशा मुलखात वल्ह्यांच्या गोष्टी कशाला? परंतु आम्हांला आज सांगावयाचे आहे ते केवळ पाण्याविषयी नाही. पाण्याच्या काठावर उभे राहण्याचा अधिकार कोणाला, हा आमचा खरा विषय आहे. आणि तो प्रश्न कोरड्या मुलखातही तितकाच ओला आहे.

प्रथम या खेळाची रीत थोडक्यात ध्यानी घेऊ. मोठ्या शर्यतीची नौका सुमारे १७ मीटर लांब आणि माणूस जेमतेम मावेल इतकी अरुंद असते. तीत आठ जण प्रत्येकी एक वल्हे घेऊन बसतात आणि नववा सुकाणू सांभाळतो. वल्हेकऱ्यांची पाठ पुढच्या दिशेस असते. आपण कोठे चाललो हे त्यांना दिसत नाही. दिसतो तो मागे पडलेला काठ. पुढचे पाहणारा एकटा सुकाणूवाला, आणि त्याच्या शब्दावर आठांनी विश्वास ठेवावयाचा. आठांपैकी एकाचेही वल्हे क्षणभर उशिरा पाण्यात पडले तर नौका अडखळते. म्हणून या खेळात एकट्याच्या पराक्रमाला फारसा वाव नाही. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना या रीतीत ओळखीचे काही दिसेल.

आता इंग्लंडकडे वळू. केंब्रिज येथे १८७१ मध्ये स्त्रियांसाठी न्यूनॅम हे कॉलेज सुरू झाले. तेथील विद्यार्थिनींनी १८९३ मध्ये आपला नौकासंघ काढला. पण ज्या विद्यापीठाच्या नदीत त्या वल्ही मारीत, ते विद्यापीठ त्यांना आपले मानीत नव्हते. व्याख्याने ऐकावीत, परीक्षेस बसावे, उत्तीर्णही व्हावे. पदवी मात्र मिळावयाची नाही! १९२१ मध्ये हा प्रश्न मतास टाकण्यात आला. स्त्रियांना नुसती नावापुरती पदवी द्यावी, सभासदत्व देऊ नये, असे ठरले. आणि त्या विजयाच्या उन्मादात पुरुष विद्यार्थ्यांच्या जमावाने न्यूनॅमच्या ब्राँझच्या दारांची मोडतोड केली. ज्ञानाच्या माहेरघरातील हा प्रकार! स्त्रियांना केंब्रिजची पूर्ण पदवी मिळू लागली ती १९४८ मध्ये, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी.

या पार्श्वभूमीवर १५ मार्च १९२७ हा दिवस पाहा. त्या दिवशी ऑक्सफर्ड येथे दोन्ही विद्यापीठांच्या मुलींची पहिली नौकास्पर्धा झाली. केंब्रिजच्या नावाने उतरली होती ती न्यूनॅम या एका लहानशा कॉलेजची नौका. दोन्ही नौकांना एकाच वेळी पाण्यात उतरण्याची परवानगी नव्हती. मुलींनी एकमेकींशी झुंजावे हे अशोभनीय, म्हणून एक नौका आधी गेली आणि दुसरी मागून. आणि निकाल केवळ वेगावर नव्हे, तर वल्ही मारण्याच्या शैलीवरही लागावयाचा होता. काठावर मोठी गर्दी जमली होती, आणि तिच्यात कौतुकापेक्षा विरोधच अधिक होता. जय ऑक्सफर्डचा झाला. पण पराभूत झालेल्या त्या मुलींचा विचार मनातून जात नाही. ज्या विद्यापीठाच्या त्या कायद्याने सभासददेखील नव्हत्या, त्याच विद्यापीठाचे नाव त्या राखीत होत्या.

पुढच्या मोसमांत काय झाले? एकदम क्रांती झाली नाही. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास दोन्ही नौका शेजारी शेजारी धावू लागल्या. १९४१ मध्ये केंब्रिजच्या स्त्रियांचा स्वतंत्र नौकासंघ स्थापन झाला. तोवर न्यूनॅमनेच हा भार वाहिला होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात शर्यत खंडित झाली आणि १९६४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुरुषांची शर्यत १८२९ पासूनची. तिचा थेम्स नदीवरील पल्ला सुमारे ६.८ किलोमीटरचा. त्याच दिवशी, त्याच पल्ल्यावर मुलींची नौका धावली ती ११ एप्रिल २०१५ रोजी. न्यूनॅमचा संघ निघाल्यापासून १२२ वर्षे लोटली होती! जी माणसे म्हणतात की काळ आपोआप बदलतो, त्यांनी हा आकडा मनात ठेवावा.

येथे आपल्या मुलखाची एक लेक आठवते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याची वरची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी त्यांच्या हाती पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. म्हणजे मुंबईने जे दिले, ते ऑक्सफर्डने तीस वर्षे अडवून ठेवले होते. विलायतेचे सारेच पुढारलेले आणि आपले सारेच मागासलेले, असे ज्यांना वाटते त्यांनी हे अवश्य पाहावे.

अमेरिकेत गोष्ट किंचित निराळी घडली. बोस्टनजवळच्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजाचे दरवाजे १८७५ मध्ये उघडले आणि आरंभापासूनच तेथील तळ्यात मुलींच्या नौका उतरल्या. तेथे कोणी दगड मारले नाहीत, कारण काठ त्यांच्या मालकीचा होता. मात्र तेथेही प्रारंभी नौकेत कोणाला घ्यावयाचे हे गळा पाहून ठरत असे, असे सांगतात; मुलींनी नौकेत बसून गावे ही अपेक्षा! त्या गाण्यापासून खऱ्या शर्यतीपर्यंत येण्यास पिढ्या गेल्या. १९७६ मध्ये येल विद्यापीठाच्या मुलींना सरावानंतर भिजल्या अंगाने थंडीत बसमध्ये ताटकळावे लागे, कारण नौकागृहात स्नानाची सोय केवळ मुलांसाठी होती. तेव्हा एकोणीस मुलींनी अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन आपल्या अंगावर त्या समानतेच्या कायद्याचे नाव लिहून निषेध केला. त्याच वर्षी माँट्रियल येथे स्त्रियांच्या नौका ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरल्या. तेथेही त्यांचा पल्ला १००० मीटरचा, पुरुषांच्या निम्मा. तो २००० मीटर झाला १९८५ पासून. स्त्रीचा दम अर्धा, हे गृहीत मोडायला इतकी वर्षे लागली. आणि वेलस्ली? लहान कॉलेजांच्या गटात त्यांच्या नौकेने २०१६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

आता घरी येऊ. न्यूनॅमच्या त्या शर्यतीनंतर वर्षभरात, १९२८ मध्ये, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब निघाला. संगमाजवळच्या पाण्यात त्याचा वार्षिक सोहळा पाहायला पुणेकर गर्दी करीत आले आहेत, आणि आता तेथे मुलीही वल्ही मारतात. २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रतिमा पुहाण आणि प्रमिला प्रवा मिंझ या ओडिशाच्या मुलींनी दोघींच्या नौकेत भारताला ब्राँझपदक मिळवून दिले. ओडिशाजवळ पाणी आहे, असे कोणी म्हणेल. मग चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांचे काय? विहिरी खणणाऱ्या घरातला हा मुलगा सैन्यात गेला, तेथे वल्हे हाती धरायला शिकला, आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. तेव्हा प्रश्न गावात नदी आहे की नाही याचा नसून, गावच्या पोरासाठी कोणते दार उघडे आहे याचा आहे. दत्तूला सैन्याचे दार मिळाले. आपल्या बहुसंख्य मुलींना असे एकच दार ठाऊक असते, ते कॉलेजचे.

म्हणून आम्ही म्हणतो, की लहान कॉलेजची मुलींची टोळी हा इतिहासाचा क्षुल्लक विषय नव्हे. वाशिमच्या कॉलेजात नौका नसेल. कबड्डीचे मैदान असेल, खो-खोचे खांब असतील. पण तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येणाऱ्या मुलीला सरावानंतर घरी पोचण्यास गाडी आहे काय? कपडे बदलण्यास खोली आहे काय? सामन्याला परगावी जायचे म्हटले तर घरी कोण समजावणार? येलच्या मुलींचा प्रश्न आणि हा प्रश्न यांत अंतर आहे ते फक्त हवामानाचे. पदके ही पुढची गोष्ट. आधी खोली, गाडी आणि घरचा होकार.

न्यूनॅमच्या त्या मुलींची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. त्या हरल्या होत्या, आणि काठावरचे लोक त्यांच्यावर रुष्ट होते. परंतु वल्हेकऱ्याची पाठ पुढे असते हे आपण आरंभी पाहिलेच. पुढचा काठ त्यांना दिसला नाही. तरी नौका पोचली. आपल्या मुली मैदानात उतरतील तेव्हा काठावर आपणच उभे असणार आहोत. तेव्हा आपण कोणत्या आवाजात ओरडावयाचे, एवढे आज घरी जाताना ठरवावे, ही आमची विनंती.