टिळा पुसला, खुंटा राहिला

१९०२ साली अमेरिकेत रॉबर्ट वुड यांनी बारीक रेघा कोरलेल्या धातूच्या पट्टीवर प्रकाश पाडला, आणि वर्णपटात मधेच अंधारे पट्टे दिसले. कारण त्यांना सांगता येईना. पुढे उलगडलं, की धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन ती ऊर्जा घेऊन लाटेसारखे हेलकावतात. १९६८मध्ये जर्मनीत ओटो यांनी, तसंच क्रेचमन व रेथर यांनी, प्रिझम वापरून ही लाट हुकमी उठवली.

१९८३ साली स्वीडनमध्ये लिडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी तिला प्रथिनांच्या कामाला जुंपलं. धातूच्या पातळ थरावर एक प्रथिन बसवायचं, वरून दुसरं सोडायचं; दोन्ही जुळली, की परावर्तित प्रकाश ज्या कोनात मंदावतो तो कोन किंचित सरकतो. बस्स, तेवढं वाचायचं! एरवी प्रथिनाला चमकणारा रंग, नाहीतर किरणोत्सारी आयोडीन चिकटवत. मग आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना प्रश्न उभा राहतो: टिळा लावलेलं प्रथिन तेच राहतं का? या पद्धतीचं मोठेपण तिथे आहे. पण ‘लेबलविना’ म्हणजे ‘न छेडता’ असं आम्ही मानत नाही. टिळा पुसला, तरी एक प्रथिन खुंट्याला बांधलंच ना! म्हणून जाणकार दोनदा मोजतात, एकदा हे बांधून, एकदा ते. आकडे जुळले नाहीत, तर आधी संशय खुंट्यावर घेतात.