बाणाला पिसे का लावतात? टर्कीच्या पिसांपासून ती घरी कशी बनवायची आणि कायदा काय सांगतो?

परदेशी तिरंदाजांच्या रील्समध्ये एक प्रकार हमखास दिसतो. रानटी टर्कीचे पीस उभे चिरायचे, मापाने कापायचे आणि बाणाच्या मागच्या टोकाला चिकटवायचे. हे पाहून खराडीत मुळा-मुठेच्या काठावर सापडलेले घारीचे किंवा बगळ्याचे पीस वापरून पाहावे, असे कोणालाही वाटू शकते. पद्धत सोपी आहे. पण पीस कोणत्या पक्ष्याचे, यावर हा छंद आहे की गुन्हा हे ठरते. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊया.

पिसे नेमके काय काम करतात?

दोरी सुटते तेव्हा बाण काठीसारखा ताठ जात नाही. धक्क्याने तो माशासारखा डावी-उजवीकडे वाकत पुढे सरकतो. मागची पिसे हवा अडवतात. त्यामुळे मागचे टोक मागेच राहते आणि अणी पुढे. पिसाला नैसर्गिक बाक असतो, म्हणून बाण स्वतःभोवती फिरतो आणि लवकर स्थिरावतो.

हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. बाणाच्या पिसे लावलेल्या भागाला ‘पुंख’ म्हणतात. एखाद्या विषयाची ‘पुंखानुपुंख’ चर्चा झाली असे आपण म्हणतो, तो शब्द यातूनच आला. एका बाणाच्या पुंखामागे लगेच दुसरा बाण, म्हणजे काहीही न सोडता. महाभारतात बाणांना ‘कंकपत्र’ हे विशेषण येते. कंक पक्ष्याची पिसे लावलेला बाण, असा त्याचा अर्थ.

मग टर्कीच का?

टर्कीच्या पंखातली उड्डाणाची पिसे लांब, रुंद आणि कडक असतात. एका पिसातून ४ ते ५ इंचांचा चांगला तुकडा निघतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हेच काम गूज या पाळीव पक्ष्याची पिसे करत. अमेरिकेत टर्की रूढ होण्यामागे कायद्याचेही कारण आहे. तिथल्या १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याच्या संरक्षणात बहुतेक देशी पक्षी येतात, त्यामुळे त्यांचे पीस बाळगणेही अडचणीचे ठरते. टर्की त्या यादीत नाही.

रानटी टर्की मूळचा उत्तर अमेरिकेतला. भारतातल्या जंगलात तो नाही. आपल्याकडे असतो तो पाळीव टर्की. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कारी-विराट’ नावाचा टर्कीचा वाणही विकसित केला आहे. बाणासाठी पाळीव टर्कीचे पीस उत्तम चालते. पांढऱ्या पिसांना रंगही छान चढतो.

भारतात कोणते पीस चालत नाही?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘ट्रॉफी’ या संज्ञेत जतन करून ठेवलेल्या पिसाचाही समावेश होतो. म्हणजे फक्त शिकार केली तरच गुन्हा, हा समज चुकीचा आहे. मोर आणि गिधाडे अनुसूची १ मध्ये आहेत. २०२२च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

मोरपीस तर बाजारात मिळते, मग? कायद्यातली सवलत मोराच्या शेपटीच्या पिसांपुरती आहे. बाणाला लागतात ती पंखातली पिसे, त्यांना ती लागू नाही. त्यामुळे नदीकाठी, टेकडीवर किंवा अभयारण्यात सापडलेले पीस उचलू नका. टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याकडून घ्या किंवा तयार पिसे विकत घ्या. बिल जपून ठेवा.

घरी कशी बनवायची?

१. निवड : एका बाणाला तीन पिसे लागतात. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलट असतो. ती मिसळली तर बाण नीट फिरत नाही.

२. स्वच्छता : मास्क आणि हातमोजे घाला. कोमट साबणाच्या पाण्यात पिसे धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याची पिसे घेऊ नका. बर्ड फ्लूचा धोका असतो.

३. चिरणे : पिसाचा मधला दांडा धारदार ब्लेडने उभा चिरा. रुंद बाजू ठेवा. ब्लेड नेहमी बोटांपासून दूर सरकवा.

४. घासणे : दांड्याचा तळ पॉलिश पेपरवर घासून सपाट आणि पातळ करा. तो बाणावर डगमगता कामा नये.

५. चिकटवणे : तिन्ही पिसांमध्ये १२० अंशांचे अंतर ठेवा. पिसे धरून ठेवणारा साचा मिळतो, त्याला जिग म्हणतात. एक पीस दोरीच्या खाचेला काटकोनात येते. त्याचा रंग वेगळा ठेवतात, म्हणजे बाण लावताना ते चटकन ओळखता येते.

६. शेवट : कात्रीने आकार द्या. पिसाचे पुढचे टोक दोऱ्याने बांधून त्यावर डिंकाचा थेंब लावा. हे टाळू नका. सुटलेले टोक बाण सुटताना हातात घुसू शकते.

स्पर्धेत अशी पिसे चालतात का?

प्रकारावर अवलंबून आहे. वर्ल्ड आर्चरीच्या लाँगबो प्रकारात लाकडी बाण आणि नैसर्गिक पिसेच लागतात. ऑलिंपिकच्या रिकर्व्हमध्ये आणि कंपाऊंडमध्ये मात्र खेळाडू प्लॅस्टिकच्या व्हेन वापरतात, कारण पावसात त्या भिजून बसत नाहीत. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ते कंपाऊंड प्रकारात.

पिसाची खरी गंमत साध्या धनुष्यावर कळते. बाण थेट हातावरून किंवा धनुष्याच्या कडेवरून सुटतो तेव्हा पीस दबते आणि पुन्हा उभे राहते. कडक प्लॅस्टिक तिथे आपटून बाणाची दिशा बिघडवते.

सराव कुठे करायचा?

सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये अजिबात नाही. चुकलेला बाण कितीतरी मीटर पुढे जातो आणि जीव घेऊ शकतो. मागे भक्कम आडोसा असलेल्या मैदानावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच बाण सोडा. आणि तो लक्ष्यफलकावरच सोडा. धनुष्यबाणाने वन्य पक्षी किंवा प्राणी मारणे ही भारतात बेकायदा शिकार आहे, मग बाणाला पिसे कोणाचीही असोत.