नोकरीचा संघ : एका निवडीची कुळकथा

भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या गावात पोरगा चढाईला चमकू लागला, की एक-दोन हंगामांत त्याच्या घरी माणसे यायला लागतात. एक जण नावाजलेल्या मंडळाकडून येतो, दुसरा कंपनीच्या संघाचा प्रशिक्षक असतो, तिसरा मॅटवरच्या अकादमीच्या निवड चाचणीची तारीख सांगून जातो. ओटीवर चहा होतो. पोराच्या पायातल्या चपळाईचे, उडीचे कौतुक होते. मग घरातला वडीलधारा, बहुधा चुलता, मोजकेच बोलतो : "त्या सगलं ठीक हाय, पन नोकरी पक्की हाय का?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न व्यवहारी, थोडा कोरडाही वाटेल. पण महाराष्ट्राच्या कबड्डीचा सगळा इतिहास त्या प्रश्नात आहे. आपल्याकडे खेळाडू संघ निवडतो तेव्हा तो आयुष्यभराची मिळकत, दवाखान्याचा खर्च आणि म्हातारपणची पेन्शन निवडत असतो. ही रीत कुठून आली, कशी वाढली आणि आज कुठे येऊन थांबली आहे, हे त्या चुलत्याच्या बाजूने पाहायला हवे.

मूळ शोधायचे तर राजाश्रयापर्यंत मागे जावे लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवान सांभाळले, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. जो राजा तालमीला पोसतो त्याच्या नावाने लढायचे, हा करार कागदावर नसला तरी सगळ्यांना ठाऊक होता. कबड्डीला असा एकटा धनी कधी लाभला नाही. ती हुतूतू या नावाने गावोगावी खेळली जात होती. संजीवनी, गामिनी, अमर असे तिचे निरनिराळे प्रकार होते आणि बाद झालेला गडी परत येणार की नाही, हे गावागणिक ठरत असे. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली, पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्या नियमांना आणखी घोटीव रूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. नियम एक झाले, मैदानाची मापे ठरली, म्हणजे आता संघांची तुलना करता येऊ लागली. तुलना होऊ लागली, की चांगल्या गड्याला भाव येतोच.

हा भाव पहिल्यांदा मुंबईने दिला. परळ-लालबागच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेले तरुण राहत. पाळी सुटली की व्यायामशाळेत आणि मैदानात जमत. मंडळे तिथे उभी राहिली आणि मंडळांत तयार झालेला गडी कचेरीच्या, कारखान्याच्या संघात जाऊ लागला. क्रिकेटमध्ये ही वाट आधीच पडली होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टाइम्स शील्डसाठी कचेऱ्यांचे संघ एकमेकांशी झुंजत होते आणि चांगल्या फलंदाजाला टेबल-खुर्ची मिळत होती. रेल्वेने तर १९२८ सालीच आपली क्रीडा संघटना काढली होती. १९५३ च्या कायद्याने मुंबईत कामगार कल्याणाचा निधी उभा राहिला, कामगारांच्या स्पर्धा सुरू झाल्या. प्रभादेवीचे हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडाभवन आजही औद्योगिक कबड्डीची आठवण आपल्या नावात बाळगून आहे. पुढे १९७९ मध्ये तेल कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःचे क्रीडा मंडळ केले. बँका, बंदर, पोलीस, महापालिका, महिंद्रासारखे कारखाने, एअर इंडिया असे कितीतरी संघ झाले. स्पर्धांच्या पत्रिकेत स्थानिक गटाशेजारी 'व्यावसायिक गट' असा वेगळा रकाना आला.

याचा फायदा दोघांनाही होता. कंपनीचे नाव मैदानात गाजे आणि मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मुलाला हजेरीपटावर नाव मिळे. सकाळी सही करायची, दुपारनंतर सरावाला जायचे, हंगामात स्पर्धेची रजा मिळायची. सुरुवातीला काही वर्षे केवळ मानधनावर खेळवून घ्यायचे आणि चांगला निघाला तर कायम करायचे, अशीही पद्धत पडली. ज्या घरात आधी कुणी पगारी नव्हते, त्या घरात एका चढाईपटूमुळे भविष्यनिर्वाह निधी आला. ही या खेळाची फार मोठी कमाई आहे आणि ती पदकांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. बंद पडत चाललेल्या गिरण्यांचे कापड यंत्रमागांकडे वळले आणि त्यातला मोठा वाटा भिवंडीला आला. भिवंडीच्या कुळकथेतले हे वळण नीट पाहिले पाहिजे. कापड इथे आले, पण गिरणीसोबत वाढलेली बाकीची व्यवस्था आली नाही. गिरणी हजारो कामगारांची असते. तिला कल्याण अधिकारी, उपाहारगृह आणि संघ परवडतो. माग मात्र गाळ्यागाळ्यांत विखुरलेले, थोड्या थोड्या मागांचे मालक वेगळे, चालवणारा तिसराच, मजुरी कापडाच्या मीटरवर. अशा धंद्यात कामगाराचेच नाव नीट कागदावर येत नाही, तिथे खेळाडूची भरती कोण करणार? देशातले एवढे मोठे यंत्रमाग केंद्र असूनही मागवाल्यांच्या संघाची परंपरा भिवंडीत रुजली नाही.

म्हणून भिवंडीचा गडी कायम शहराबाहेर पाहत आला. ठाण्याच्या चरईत मावळी मंडळाची स्पर्धा, कल्याणची मैदाने, दादर-प्रभादेवीच्या रात्री, हे त्याचे बाजार. तालुक्यातल्या आगरी-कोळी-कुणबी गावांनी मात्र आपली मंडळे सोडली नाहीत. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली, अंजूर या पट्ट्यात मुंबईच्या जकातीबाहेरची जागा म्हणून गोदामे उभी राहिली आणि भाताची शेते पत्र्यांच्या छपरांखाली गेली. जमिनीचा पैसा आला तशी गावोगावच्या चषकांची बक्षिसेही फुगली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली. त्या गोदामांत काम पुष्कळ आहे, पण बरेचसे कंत्राटदाराच्या हाताखालचे. चुलत्याचा प्रश्न इथे अधिकच धारदार होतो.

या गावांतली स्पर्धेची एक रात्र जवळून पाहावी. मैदान पाण्याने शिंपून, चोपून, रेषा आखून तयार असते. पत्रिकेवर उद्घाटनाची वेळ सहाची, पण उपांत्य सामने लागेपर्यंत मध्यरात्र उलटते. भोवताली तुडुंब गर्दी, ध्वनिक्षेपकावरून गड्यांची नावे. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा तिसऱ्या चढाईला जातो. दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत, आता गुण आणला नाही तर बाद. लोक त्याच्या हाताकडे पाहतात. खुर्चीवर बसलेला प्रशिक्षक मात्र पायांकडे पाहत असतो. बोनस रेषेवर मागचा पाय खरोखर उचलला का? कोपरारक्षकाने घोटा धरल्यावर पोरगा मध्यरेषेकडे अंग टाकतो, की जागीच बसतो? बाद होऊन बाहेर गेल्यावर पंचांशी वाद घालतो, की बाकावर बसून सामना वाचतो? गुणफलकावर जे लिहिले जात नाही, त्यावरच तो माणूस निर्णय घेतो. दुसऱ्या दिवशी फोन जातो तो पोराच्या बापाला.

आणि मग निवडीचा पेच सुरू होतो. रेल्वे की तेल कंपनी? पोलीस की बँक? पगार तर पाहायचाच, पण आणखी एक गाठ आहे, जी प्रेक्षकांना सहसा माहीत नसते. वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय रेल्वे आणि सेनादल हे स्वतंत्र संघ म्हणून उतरतात. रेल्वेत किंवा सैन्यात गेलेला मराठी मुलगा राष्ट्रीय मैदानावर महाराष्ट्राविरुद्ध उभा राहू शकतो. भारत पेट्रोलियमसारख्या कंपनीत गेलेला मात्र नोकरी सांभाळून जिल्ह्याकडून आणि राज्याकडून खेळत राहतो. रिशांक देवाडिगाची वाटचाल या दुसऱ्या प्रकारातली. मुंबईच्या मैदानातून तो देना बँकेत आणि तिथून भारत पेट्रोलियममध्ये गेला. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. अंतिम सामना ३४-२९ असा जिंकला आणि समोर सेनादल होते. एका नियुक्तीपत्राने पोराच्या छातीवरचे नाव बदलते, ते असे.

सरकारी नोकरीची वाट ३० एप्रिल २००५ च्या शासननिर्णयाने रुंदावली. प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी राज्याच्या सेवेत पाच टक्के जागा राखीव झाल्या. त्यामुळे प्रमाणपत्राला किंमत आली. गावच्या चषकात मोटारसायकल जिंकणे वेगळे आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतून राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणे वेगळे. ज्या मंडळाची जिल्हा संघटनेकडे रीतसर नोंदणी आहे, जे जिल्हा अजिंक्यपदाला संघ उतरवते, त्याच मंडळातून पोराला जिल्हा, राज्य, राष्ट्रीय ही शिडी चढता येते. मंडळ निवडताना घरच्यांनी पाहायची पहिली गोष्ट ही.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग आली आणि या कुळात नवी शाखा फुटली. पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजारांना घेतले, तेव्हा ती रक्कम सगळ्यात मोठी होती. २०१८ मध्ये इराणच्या फजल अत्राचलीसाठी यू मुंबाने एक कोटी मोजले. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांच्या वर गेली. मोठ्या खेळाडूला मात्र लिलावात निवड नसते, बोली लावणारा त्याला निवडतो. निवड उरते ती लिलावाआधीच्या वयात. २०२२ पासून युवा कबड्डी मालिका सुरू झाली, संघांनी आपापल्या युवा तुकड्या उभारल्या. आता भिवंडीतल्या पोराला मुंबईच्या आणि पुण्याच्या तुकड्यांपैकी एकीकडे जाण्याचा विचार करावा लागतो : कुठे राहायची सोय आहे, कुठला प्रशिक्षक चढाईला वळण देतो, कुठे आपल्या जागेवर आधीच तीन जण बसले आहेत. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये नवोदित म्हणून आला आणि कर्णधार होऊन १ मार्च २०२४ ला त्याने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ असे विजेतेपद उचलले. त्याआधी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात तो होता. अशी उदाहरणे पोरांच्या डोळ्यांसमोर आहेत आणि ती असलीच पाहिजेत.

अमेरिकेत शाळकरी फुटबॉलपटू अशाच वयात विद्यापीठ निवडतो. प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्याही घरी येतात, दिवाणखान्यात बसून आईबापांची समजूत काढतात. १९६४ पासून तिथे हमीपत्रावर सही करण्याची पद्धत होती, ती २०२४ मध्ये बंद झाली. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. पण तिथला मुलगा खेळासोबत पदवीच्या वर्गात असतो, मैदान सुटले तरी वर्ग हाताशी राहतो. आपल्या कबड्डीने शिक्षणाऐवजी नोकरीला आधार मानले. ज्या पिढीत महाविद्यालयाचा उंबरठा दूर होता, त्या पिढीसाठी ते बरोबर होते.

आज तो आधार डळमळला आहे. १ एप्रिल २०१९ ला देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली. ज्या संघांची नावे पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत असत, त्यांपैकी किती उरली हे जुन्या रसिकाने मोजून पाहावे. कायम भरतीच्या जागी ठरावीक मुदतीचे करार आले. लीगचा करारही हंगामांचा असतो आणि कबड्डीपटूचा गुडघा एका पकडीत जाऊ शकतो. राजा गेला, गिरणी गेली, बँक गेली. खेळाडूला पोसणारा धनी प्रत्येक पिढीत बदलला आणि प्रत्येक वेळी खेळाडूला त्याचा पत्ता उशिरा लागला.

म्हणून भिवंडीतल्या घरांना एवढेच सांगणे आहे. पोराला बोलावणे आले तर आनंदाने पाठवा, तो मान त्याने कमावलेला आहे. पण चहाचा कप खाली ठेवण्याआधी पाच गोष्टी लेखी मागा : नेमणूक कायम की मुदतीची, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, मानधन किती आणि कधी, आधीच्या मंडळाची ना हरकत कोण आणणार आणि बारावीच्या परीक्षेला सुट्टी मिळणार का. मंडळांच्या जुन्या खेळाडूंनी त्या वेळी पोराच्या बापाशेजारी बसावे, कारण हे कागद त्यांनी आधी पाहिलेले असतात. आणि पोराने शिक्षण सोडू नये. संघ बदलता येतो, करार संपतो, पदवी मात्र कुठल्याही मालकाला परत मागता येत नाही.