सॅक्लर घराणे

सॅक्लर घराणे : औषधनिर्मितीच्या व्यवसायातून धनाढ्य झालेले अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक घराणे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक औषधामुळे पसरलेल्या व्यसनाधीनतेस ते कितपत जबाबदार, हा प्रदीर्घ विवादाचा विषय ठरला.

आर्थर (१९१३–८७), मॉर्टिमर (१९१६–२०१०) व रेमंड (१९२०–२०१७) हे तिघे बंधू मानसोपचारतज्ज्ञ होते. १९५२ मध्ये त्यांनी पर्ड्यू फ्रेडरिक ही लहानशी औषध कंपनी घेतली. डॉक्टरांना उद्देशून औषधांची जाहिरात करण्याचे तंत्र आर्थर यांनी विकसित केले. त्यांच्या निधनानंतर त्यांचा हिस्सा भावांकडे गेला. त्यामुळे ऑक्सिकॉन्टिनच्या नफ्यात त्यांच्या वारसांना वाटा नव्हता.

ऑक्सिकॉन्टिन १९९६ मध्ये पर्ड्यू फार्माने विक्रीस आणले. ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय द्रव्य शरीरात सावकाश सोडणारी ही गोळी होती. अशी तीव्र औषधे पूर्वी मुख्यत्वे कर्करोगाच्या व शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी देत. पाठदुखी, सांधेदुखी अशा दीर्घकालीन दुखण्यांतही ती द्यावीत, असा प्रचार पर्ड्यूने केला. सावकाश शोषणामुळे गैरवापर कमी होतो असे मानले जाते, हे विधान शासनमान्य माहितीपत्रकातच होते. प्रत्यक्षात गोळी कुटली की सर्व द्रव्य एकदम मिळे. व्यसनाचा धोका कमी असल्याचे विक्रीप्रतिनिधी डॉक्टरांना सांगत.

दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने व तिच्या तीन अधिकाऱ्यांनी २००७ मध्ये कबूल केला, सु. ६० कोटी डॉलर भरावे लागले. विक्री मात्र चालूच राहिली आणि २००८ ते २०१७ या काळात घराण्याने कंपनीतून १,००० कोटींहून अधिक डॉलर काढून घेतले. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. दोन्ही प्रकरणांत घराण्यातील कोणावरही फौजदारी खटला झाला नाही. औषध कायदेशीर व शासनमान्य होते, असे सांगून घराण्याने दोष नाकारला.

१९९९–२०१९ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने सु. ५ लाख लोक मृत्यू पावले. त्यांत हेरॉइन व फेंटानिल यांचे बळीही येतात. तेव्हा सर्व दोष एकाच औषधावर टाकता येत नाही. तथापि साथीच्या पहिल्या टप्प्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचाच वाटा मोठा होता.

सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. स्वतः दिवाळखोर नसलेल्या घराण्यास पुढील दाव्यांपासून संरक्षण देणारी योजना सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळली. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या योजनेनुसार घराण्याने कंपनीची मालकी सोडून सु. ६५० ते ७०० कोटी डॉलर द्यावयाचे ठरले. तडजोड न स्वीकारणाऱ्यांचा दाव्याचा हक्क शाबूत राहिला.

कलासंस्थांना दिलेल्या देणग्यांमुळे हे घराणे प्रतिष्ठा पावले होते. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने २०१९ मध्ये व न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये आपल्या दालनांवरून सॅक्लर हे नाव काढून टाकले.